त्या यादीत माझं नाव आहे का?

एप्रिल २०२० मध्ये आमच्या कॅन्टीनमधली बाई पेरोलच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिथूनच तिने विचारलं, "त्या यादीत माझं नाव आहे ना?" तेव्हा सगळेच असे दारात उभे राहून बोलायचे. तोंडावर घरी शिवलेला, फुलाफुलांच्या कापडाचा मास्क, आणि हातात कॅन्टीनच्या लॉकरची किल्ली, ती सारखी बोटांनी फिरवत होती. मी स्टुटगार्टजवळ गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत पगाराचं काम बघते, आणि त्या आठवड्यात आमच्या सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच यादी उघडी होती, कुर्त्सआर्बाइटची, म्हणजे नोकरी टिकवून तास कमी केलेल्या लोकांची. तिचं नाव त्यात नाही हे मला माहीतच होतं, तरी मी खालीवर स्क्रोल करत बसले, कारण नाही म्हणायला जीभ उचलत नव्हती. तिचा मिनीजॉब होता, महिन्याला ४५० युरोपर्यंतचा, त्यातून बेरोजगारी विम्याचा हप्ता कापला जात नाही, आणि ज्याचा हप्ता नाही त्याला कुर्त्सआर्बाइटचे पैसे नाहीत. कायदाच तसा आहे. मी तिला समजावून सांगितलं, ती "बरं" म्हणाली, दोन पावलं आत आली, किल्ली माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि गेली. मनातल्या मनात मी तिला मावशीच म्हणायचे, ग्रीसची होती, थेस्सालोनिकीची. कॅन्टीन पुन्हा सुरू झालं तेव्हा तिथे दुसरं कोणीतरी होतं.

ही यादी काय प्रकार असतो ते सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सरकारने पैसे वाटले, झालं. तसं नसतं. कंपनीकडे काम कमी झालं की माणूस काढायचा नाही, त्याचे तास कमी करायचे, अगदी शून्यावर आणले तरी चालतील, आणि बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा न्यूरेनबर्गला मुख्यालय असलेल्या एम्प्लॉयमेंट एजन्सीने भरून द्यायचा. महिना संपला की माझ्यासारखी कोणीतरी प्रत्येक नावासमोर लिहिते: किती तास व्हायला हवे होते, किती झाले, टॅक्स क्लास कुठला, मूल आहे की नाही. मूल नसेल तर बुडालेल्या नेट पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७. ते सात टक्के टाकताना मला दर वेळी त्या माणसाचं घर दिसायचं. म्युलर नावाचे किती, श्मिट नावाचे किती, पण ६७ दिसलं की वाटायचं, याच्याकडे आत्ता शाळा बंद असलेलं एक पोर घरात हुंदडतंय. पुढे लॉकडाऊन लांबला तसं सरकारने ते चौथ्या महिन्यापासून ७० आणि ७७, सातव्या महिन्यापासून ८० आणि ८७ केलं, अर्थात तास निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेल्यांसाठी. पैसे आधी कंपनी देते, मग एजन्सीकडून परत मिळवते. त्या एप्रिलमध्ये सगळ्या जर्मनीत मिळून जवळपास ६० लाख लोक असे कुठल्या ना कुठल्या पेरोलवालीच्या यादीत होते. एजन्सीने चांगल्या वर्षांत बाजूला टाकलेले सुमारे २६ अब्ज युरो होते, त्या एका वर्षात नुसत्या कुर्त्सआर्बाइटवर २२ अब्ज गेले. म्हणजे बरं चाललं होतं तेव्हा साठवलं आणि गळ्याशी आल्यावर खर्च केलं, आमच्या घरात माझी आजी हेच करायची.

आणि याचा उपयोग होतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय म्हणून ठासून सांगते. आमच्याकडे ग्राइंडिंग मशीनवर एक जण आहे, आता साठीला आला. मशीनच्या आवाजावरून तो सांगतो की व्हील बदलायला झालंय, गेज लावायच्या आधी सांगतो, आणि गेज लावल्यावर बहुतेक वेळा तेच निघतं. तो त्या वसंतात घरी बसला, बाल्कनी रंगवली, टोमॅटो लावले, नातवाला सायकल शिकवली, आणि शरद ऋतूत ऑर्डरी आल्या तेव्हा त्याच मशीनपाशी, त्याच लॉकरमधून ॲप्रन काढून उभा राहिला. त्याला काढून टाकला असता तर त्याने काय केलं असतं? ॲमेझॉनच्या गोडाऊनला गेला असता, किंवा लवकर पेन्शन घेतली असती, आणि त्याच्या कानात जे आहे ते कायमचं गेलं असतं. माणूस आणि त्याचं काम यांच्यातला धागा एकदा तुटला की परत जोडायला किती वर्षं जातात हे जीडीपीच्या आकड्यात दिसत नाही. आलेख खाली जातो, वर येतो, बातमी देणारा म्हणतो रिकव्हरी झाली. रिकव्हरी नक्की कोणाची झाली?

२००९ ची गोष्ट मला आमच्या पेरोलच्या आधीच्या बाईंनी सांगितली, मी तेव्हा पुण्यात होते. अमेरिकेतली लेहमन बँक बुडाल्यावर इथली निर्यात अशी काही कोसळली की त्या वर्षी जर्मनीची अर्थव्यवस्था ५ टक्क्यांहून जास्त आक्रसली, पण बेरोजगारी जेमतेम हलली. मे २००९ मध्ये १४ लाखांवर लोक कुर्त्सआर्बाइटवर होते. शिवाय सरकारने जुनी गाडी भंगारात काढून नवी घेणाऱ्याला २,५०० युरो दिले, गाडी किमान नऊ वर्षांची हवी अशी अट होती, आणि लोकांनी शोरूमबाहेर रांगा लावल्या. आधी दीड अब्ज युरो ठेवले होते, ते पुरेनात, मग ५ अब्ज केले आणि सप्टेंबर उजाडताच तेही संपले. बाई सांगत होत्या की त्यांच्या शेजाऱ्याची गाडी, जराही गंज नाही, एसी चालू, टायर नवे, ती भंगारवाल्याकडे जाताना सगळी गल्ली बघत उभी होती. आमची कंपनी त्या ऑर्डरींवर तगली, हे मला नाकारता येत नाही, आज माझा पगार त्यातूनच पुढे चालत आलाय. पण चालत्या गाड्या चिरडून वाढ काढायची हे मला आजही पचत नाही, आणि त्यावर कोणी विचारलं तर मला दोन्ही बाजूंनी बोलावंसं वाटतं. त्याच हिवाळ्यात आमच्याकडे माणसं पुरवणाऱ्या खाजगी एजन्सीमार्फत आलेले जे कंत्राटी कामगार होते ते सगळ्यात आधी गेले. त्यांच्यासाठी कुर्त्सआर्बाइटचा अर्ज झालाच नाही, त्या खाजगी एजन्सीला फोन करून "सोमवारपासून नकोत" एवढं सांगितलं की काम भागत होतं.

यादीतले आणि यादीबाहेरचे. मला तेव्हापासून प्रत्येक योजनेकडे बघताना आधी हेच दिसतं.

माझी आजी जालन्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर जायची, खडी फोडायला. हातोडीच्या दांड्याने तळहाताला पडलेले घट्टे तिच्या म्हातारपणीही गेले नव्हते, लहानपणी आम्ही ते दाबून बघायचो. ती सांगायची, सकाळी पहिलं काम म्हणजे मुकादमाच्या मस्टरवर नाव लागलंय का ते बघायचं, नाव लागलं की मग पाणी प्यायचं. नाव राहिलं तर दिवसभर फोडलेली खडी मोजली जायची पण पैसे भलत्याच्याच नावावर. मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी, त्या चवीबद्दल ती कधीच चांगलं बोलली नाही, पण मस्टरबद्दल बोलायची तेव्हा आवाज वेगळा व्हायचा. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख लोक अशा कामांवर होते. त्यातूनच पुढे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंची कल्पना कायद्यात आली, १९७७ चा रोजगार हमी कायदा, काम मागितलं की १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर भत्ता. हे सगळं मी शाळेत नागरिकशास्त्रात पाठ केलं होतं आणि विसरले होते. परत आठवलं ते स्पेनमध्ये.

आमच्या पर्चेस डिपार्टमेंटमध्ये एक जण आहे, स्पेनमधल्या ला मांचा भागातली, सिव्हिल इंजिनिअर, २०१३ ला इकडे आली. त्या वर्षी स्पेनमध्ये ६० लाखांहून जास्त लोक बेकार होते, म्हणजे काम करू इच्छिणाऱ्या दर चौघांत एकाहून जास्त, आणि पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये अर्ध्याहून जास्त. तिच्या बॅचमधले कोणी चिलीला गेले, कोणी लंडनला कॉफी बनवायला. एका उन्हाळ्यात मी तिच्यासोबत तिच्या गावी गेले. माद्रिदच्या अतोचा स्टेशनवरून फास्ट ट्रेनने स्यूदाद रेआल तासाभराचं, आणि तिथून पुढे थोडं गेलं की खिडकीतून एक विमानतळ दिसतो, टॉवर, काचेची टर्मिनल बिल्डिंग, आणि जवळपास ४ किलोमीटरची धावपट्टी. विमान एकही दिसलं नाही. ती म्हणाली, "बाबांनी आतली वायरिंग केलीय." एक अब्ज युरोहून जास्त खर्च करून २००८ मध्ये तो सुरू झाला आणि २०१२ मध्ये बंद पडला. ज्या स्थानिक बचत बँकेने त्यात पैसे घातले होते तिचा ताबा मार्च २००९ मध्येच स्पेनच्या रिझर्व्ह बँकेला घ्यावा लागला. २०१५ च्या लिलावात एका कंपनीने त्या सगळ्यासाठी १०,००० युरोची बोली लावली होती, ती मान्य झाली नाही, पण बोली लागली हेच मला डोक्यातून काढता येईना. बाहेर जमीन पिवळी ठक्क, वारा गरम, द्राक्षाच्या बुटक्या वेली, एप्रिलमधला आमचा अंबड तालुका जसा.

तिच्या आईने वांगं-टोमॅटो-मिरचीची पिस्तो नावाची भाजी केली होती, वर तळलेलं अंडं, आणि जेवताना तिचा धाकटा भाऊ बोलायला लागला. तो २००६ मध्ये सोळाव्या वर्षी शाळा सोडून बांधकामावर गेला होता. तेव्हा तिकडे ते वेडेपणाचं नव्हतंच, मास्तरपेक्षा गवंड्याच्या हाताखालचा पोरगा जास्त कमवायचा, त्या काळात स्पेनमधली जवळपास तीनातली एक मुलं दहावी-बारावीच्या मधेच शिक्षण सोडत होती. त्याने मोटारसायकल घेतली, आईला फ्रीज घेतला. मग काम थांबलं. मी विचारलं, "कधी काढलं तुला?" तर तो म्हणाला, "काढलं नाही मला. काम संपलं म्हणाले." तिकडे असा एक करारच होता, एका कामापुरता, ते बांधकाम आहे तोवर नोकरी आहे, ते संपलं की नोकरीही संपली, कोणी कोणाला काढायचा प्रश्नच नाही. म्हणून २००७ ते २०१३ मध्ये स्पेनची बेरोजगारी ८ टक्क्यांवरून २६ वर जायला कसली अडचण आली नाही, लाखो लोकांना घरी पाठवायला त्यांना कामावरून काढावंसुद्धा लागलं नाही. तो एकोणीस वर्षांचा, हातात सर्टिफिकेट नाही, आणि सगळ्या देशात एकही क्रेन हलत नाही. मधे काही महिने त्याला काम मिळालं, सरकारने नगरपालिकांना ८ अब्ज युरो दिले होते, त्यातून त्याच्या गावच्या चौकातली फरशी उखडून नवी बसवली. चौकात भलामोठा बोर्ड लागला, अमुक योजनेतून इतक्या युरोंचं काम. फरशी बसवून झाली आणि काम संपलं. फरशी चांगलीच आहे, संध्याकाळी आम्ही तिच्यावरून चाललो, लिंबूसरबत विकणारी गाडी होती, म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसल्या होत्या. पण त्या पोराला फरशी बसवण्याच्या पुढचं काही शिकवावं, कागद हातात द्यावा, हे त्या ८ अब्जांत कुठे बसवलेलं नव्हतं. आजीच्या खडीतून निदान रस्ता झाला आणि त्या रस्त्याने पुढे एसटी आली, असं मी मनात म्हणत होते, आणि लगेच वाटलं की आजीलाही खडीच्या पुढचं काही कोणी शिकवलं नव्हतंच की.

त्याच काळात ब्रसेल्समध्ये बैठकांवर बैठका चालू होत्या. जून २०१२ मध्ये सगळे पंतप्रधान-राष्ट्राध्यक्ष बसले आणि वाढ व रोजगारासाठी १२० अब्ज युरोंचा करार जाहीर झाला. आकडा ऐकून छाती दडपते. पण त्यात ५५ अब्ज हे आधीच मंजूर होऊन खर्च न झालेले निधी होते, ६० अब्ज म्हणजे युरोपियन गुंतवणूक बँकेचं भांडवल १० अब्जांनी वाढवून तिने देऊ शकायची कर्जं, आणि ५ अब्ज प्रकल्पांच्या रोख्यांतून. नवा पैसा अगदी थोडा. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्रीसला किमान पगार २२ टक्क्यांनी खाली आणायला लावला होता, पंचविशीच्या आतल्यांचा तर ३२ टक्क्यांनी, म्हणजे एका हाताने वाढीची भाषा आणि दुसऱ्या हाताने पोरांच्या खिशात हात. मावशी कॅन्टीनमध्ये थाळ्या लावता लावता कधीतरी सांगायची, थेस्सालोनिकीला ती कपड्यांच्या दुकानात होती, मालक चांगला होता, आधी पगार कमी झाला, मग अर्धाच मिळायला लागला, मग एका सोमवारी शटर उघडलंच नाही. रस्त्यावरची दुकानं एकेक करून बंद होत गेली तसा रस्त्याचा वास बदलला म्हणाली, आधी कॉफीचा आणि बेकरीचा असायचा. मला ते फार लागलं होतं. ग्रीसची अर्थव्यवस्था त्या वर्षांत जवळपास चौथा हिस्सा आकसली, हे मी नंतर वाचलं. पण मावशीचं ते वासाचं बोलणं आधी ऐकलेलं असल्यामुळे तो आकडा वाचताना मला रस्ताच दिसला.

एप्रिल २०१३ मध्ये युरोपने तरुणांना हमी दिली. शाळा सुटल्यापासून किंवा नोकरी गेल्यापासून चार महिन्यांच्या आत पंचविशीच्या आतल्या प्रत्येकाला नोकरी, शिक्षण, अप्रेंटिसशिप किंवा ट्रेनिंग यातलं काहीतरी चांगलं मिळालं पाहिजे. मला ही कल्पना मनापासून आवडते, आजही आवडते. पण त्यासाठी सगळ्यात वाईट अवस्थेतल्या प्रदेशांना मिळून काढले ६ अब्ज युरो, अनेक वर्षांत खर्चायला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एकट्या युरो वापरणाऱ्या देशांसाठीच वर्षाला २१ अब्ज लागतील असा अंदाज दिला होता. आणि युरोपच्याच एका संशोधन संस्थेने काढलं होतं की शिकतही नाहीत आणि कामही करत नाहीत अशा तरुणांमुळे २०११ च्या एका वर्षात युरोपचं नुकसान १५३ अब्ज. म्हणजे वर्षाला दीडशे अब्ज वाया जातायत ते चालतंय, पण ते थांबवायला सहा काढताना एवढी घासाघीस. २०१७ मध्ये युरोपच्या हिशेबतपासनिसांनी लिहिलं की या हमीचे परिणाम अपेक्षेपेक्षा कमी पडले. त्या भावाने नाव नोंदवलं होतं, ऑनलाइन, बहिणीने फॉर्म भरून दिला. एक कॉम्प्युटरचा कोर्स मिळाला, तो केला, त्याचं सर्टिफिकेट आईने काचेच्या कपाटात लावलंय. नोकरी नाही मिळाली.

हमी द्यायची तर ती मागता आली पाहिजे, नाही मिळाली तर दार ठोठावता आलं पाहिजे. पागेंच्या कायद्यात निदान कागदावर ते होतं.

तरी मला हेही सांगायचंय की युरोप शिकला. हे म्हणायला लोक कचरतात, कारण टीका करणं सोपं पडतं. २०२० मध्ये स्पेनची अर्थव्यवस्था जवळपास ११ टक्क्यांनी पडली, २००९ पेक्षा कितीतरी जोरात, पण बेरोजगारी १४ वरून साडेपंधरापर्यंतच गेली. कारण या वेळी त्यांनी लोकांना सोडलं नाही, एर्ते नावाची त्यांची कुर्त्सआर्बाइटसारखी सोय होती, ती आधीही कायद्यात होती पण फारसं कोणी वापरत नव्हतं, ती उघडली आणि एप्रिल अखेरीला ३० लाखांहून जास्त लोक तिच्यात होते. माझ्या मैत्रिणीची चुलत बहीण हॉटेलात रिसेप्शनला होती, ती वर्षभर एर्तेवर राहिली, घरी इंग्रजी शिकली, आणि हॉटेल उघडल्यावर त्याच टेबलामागे जाऊन बसली. हा पैसा आला कुठून तर त्याचा मोठा भाग ब्रसेल्सने सगळ्यांच्या नावावर एकत्र कर्ज काढून दिला, १०० अब्ज युरोपर्यंतची सोय केली, १९ देशांनी मिळून ९८ अब्जांहून थोडे जास्त घेतले, इटलीने सगळ्यात जास्त, खालोखाल स्पेनने. २०१२ मध्ये एकत्र कर्ज हा शब्द इथे जर्मनीत उच्चारला तरी लोकांच्या कपाळावर आठ्या यायच्या. आठ वर्षांत तेच करून दाखवलं. मग २०२२ च्या फेब्रुवारीत स्पेनच्या संसदेत तो कामापुरता करार संपवणारा कायदा मंजूर झाला, १७५ विरुद्ध १७४, एका मताने, तेही विरोधी पक्षाच्या एका खासदाराने चुकून बाजूने मत दिलं म्हणून. तो भाऊ आता सोलर पॅनल बसवणाऱ्या कंपनीत आहे, कायम. पस्तिशीला आलाय. चांगलं चाललंय म्हणतो, आणि चाललंयच. पण एकोणीस ते तिशी त्याने बापाच्या घरात, बापाच्या पेन्शनवर, दुपारी उशिरा उठत काढली, ती वर्षं कुठल्या रिकव्हरीत धरायची हे मला कोणी सांगितलेलं नाही.

२०२० च्या मे महिन्यात, मी इथे बसून ६० आणि ६७ टाकत असताना, सकाळी माझ्या भावाचा फोन आला. तो चाकणला एका व्हेंडर कंपनीत सुपरवायझर आहे. "ताई, आपल्याकडं करमाडला रुळावर माणसं गेली गं." जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशची पोरं, भुसावळला गाडी मिळेल म्हणून रुळारुळाने चालत निघालेली, दमून रुळावरच झोपली, पहाटे मालगाडी आली. सोळा जण. ज्या स्टेशनवरून मी लहानपणी मामाकडे जायचे त्याच लाइनवर. भाकऱ्या पडलेल्या दिसत होत्या फोटोत. भावाच्या कंपनीतलीही कंत्राटी पोरं निघून गेली होती, कोणी लातूरला, कोणी बीडला, "ठेकेदाराचा फोनच लागंना, मी कुणाच्या नावानं पगार काढू," असं तो म्हणत राहिला. आम्ही दोघं बहीणभाऊ जगाच्या दोन टोकांना एकाच गाड्यांच्या धंद्यात, बहुतेक आमचेच पार्ट कुठेतरी एकाच गिअरबॉक्समध्ये एकत्र येत असतील, आणि माझ्या हातात यादी होती, त्याच्या हातात काहीच नव्हतं. त्या दिवशी मी जेवले नाही.

पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० रुपये प्रोफेशन टॅक्स कापलेला दिसायचा, फेब्रुवारीत ३००. आम्ही सगळे कुरकुरायचो. तो टॅक्स १९७५ मध्ये रोजगार हमीसाठीच लावला गेला होता, शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी द्यायचा, हे मला जर्मनीत आल्यावर कळलं. आता माझ्या स्लिपवर बेरोजगारी विम्याचा १.३ टक्के जातो, तेवढाच कंपनी भरते. मी तो बघते तेव्हा मला बरं वाटतं, खरंच. फक्त त्या पेटीत हप्ता न भरणाऱ्यांसाठीही थोडं काहीतरी असायला हवं होतं, आणि ते सगळ्यांच्या टॅक्समधून देता आलं असतं. गाड्या चिरडायला ५ अब्ज निघाले होते, तर थाळ्या धुणाऱ्या बायकांसाठीही निघाले असते.

आता इथे पुन्हा ढग आलेत, आणि या वेळचे वेगळे आहेत. व्हायरस जाईल, बँका सावरतील, असं म्हणून थांबण्यासारखं हे नाही. इलेक्ट्रिक गाडीला आमचे बरेचसे पार्ट लागतच नाहीत. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या झेडएफसारख्या मोठ्या कंपनीने २०२४ मध्ये सांगून टाकलं की २०२८ पर्यंत जर्मनीतल्या १४,००० पर्यंत नोकऱ्या कमी करणार. कुर्त्सआर्बाइटची मुदत २०२५ च्या जानेवारीपासून २४ महिन्यांपर्यंत वाढवली, आणि मी परत याद्या भरतेय. पण आधी यादी भरताना मला खात्री असायची की माणूस परत येणार आहे. आता साठीच्या त्या ग्राइंडरवाल्याच्या नावासमोर तास टाकताना मला माहीत नाही की ते मशीन दोन वर्षांनी असेल का. रिकाम्या तासांत लोकांना नवीन शिकवा म्हणून सरकार पैसे देतं, पण कंपन्या ते फारसं घेत नाहीत, कारण फॉर्म किचकट आणि शिकवायला माणूस नाही. मला विचाराल तर यापुढे शिकवल्याशिवाय कुर्त्सआर्बाइट नाही, असा नियम हवा. माणूस सांभाळायचाच, पण कशासाठी सांभाळतोय ते ठरवून.

सगळ्यात जास्त काळजी मला अझुबींची वाटते, म्हणजे अप्रेंटिस मुलं. मोठ्यांना याद्या आहेत, युनियन आहे, नोटीस पिरियड आहे, पण जो अजून आतच आलेला नाही त्याला न घेण्यासाठी काहीच करावं लागत नाही, नुसती जाहिरात द्यायची नाही. २०२० मध्ये सरकारने अप्रेंटिसची संख्या टिकवणाऱ्या छोट्या-मध्यम कंपन्यांना दर मुलामागे २,००० युरो आणि वाढवणाऱ्यांना ३,००० दिले होते, पुढच्या वर्षी दुप्पट केले, तो फॉर्मही मीच भरला होता आणि आमची बॅच तेव्हा वाचली. आता तशी मदत नाही, आणि यंदा बॅच निम्मी करायची असं मॅनेजमेंटचं म्हणणं आहे. कामगारांच्या कौन्सिलसमोर मी आकडे घेऊन बसले, एका मुलाला तीन-साडेतीन वर्षं शिकवायला किती लागतं, पुढच्या सहा वर्षांत आमच्याकडचे किती लोक पेन्शनवर जातात, कोणती मशीनं कोणाला येतात. स्पेनमधल्या त्या पोराबद्दलही बोलले, जरा जास्तच बोलले असेन. ग्राइंडरवाला म्हणाला, "घरी बसवण्यापेक्षा ते तास मला द्या, मी शिकवतो." मॅनेजमेंटने उत्तरासाठी वेळ मागितलाय. मे महिन्याच्या आत काय ते ठरायला हवं, कारण बॅच १ सप्टेंबरला सुरू होते आणि मुलांना शाळा सुटायच्या आधी कुठेतरी करारावर सही करून ठेवावी लागते.